जुन्या स्पोर्ट्स मोटारींतील इंजिनाचे अतितापन

इंजिनाचे अतितापन म्हणजे मोटारीच्या इंजिनाचे तापमान त्याच्या नेहमीच्या कार्यकारी मर्यादेपलीकडे जाणे. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांत शीतकाचे, म्हणजे कूलंटचे, तापमान साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस इतके राखले जाते. ते वारंवार याच्या वर जात असेल आणि एखादा भाग बदलूनही पुन्हा तीच स्थिती येत असेल, तर त्यास चिवट अतितापन म्हणता येते. जुन्या स्पोर्ट्स मोटारींत हा दोष विशेषत्वाने आढळतो. अतितापन हा स्वतंत्र बिघाड नसून लक्षण आहे. त्यामागे साध्या सैल पट्ट्यापासून तडकलेल्या सिलिंडर हेडपर्यंत अनेक कारणे असू शकतात. त्यामुळे भाग बदलण्यापूर्वी इंजिन कोणत्या परिस्थितीत तापते हे निश्चित करणे ही निदानाची पहिली पायरी मानली जाते.

पार्श्वभूमी

१९६० व १९७० च्या दशकांत युरोपात बनलेल्या एमजी बी (१९६२–१९८०), जॅग्वार ई-टाइप (१९६१), ट्रायम्फ स्टॅग (१९७०–१९७७) आणि फियाट एक्स १/९ (१९७२) यांसारख्या गाड्या ठेंगण्या बांधणीच्या होत्या. बॉनेटखालची जागा अपुरी, पुढील हवेचे तोंड लहान आणि इंजिन मात्र जोमदार, अशी त्यांची रचना असे. फियाट एक्स १/९ मध्ये इंजिन आसनांच्या मागे व रेडिएटर गाडीच्या पुढील टोकाला असल्याने शीतकाला लांबलचक नळ्यांतून जावे लागते व त्या नळ्यांत हवा अडकून राहण्याचा संभव असतो.

भारतात अशा गाड्यांची संख्या थोडी आहे. तथापि मद्रास येथे १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेरल्ड, मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी मोटार या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्याच गाड्या आहेत. पुढील विवेचनातील तत्त्वे त्यांनाही लागू पडतात.

शीतन प्रणालीचे कार्य

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक चतुर्थांश भागच चाकांपर्यंत उपयुक्त कार्याच्या रूपाने पोहोचतो. उरलेली उष्णता काही अंशी धुराबरोबर बाहेर पडते आणि काही अंशी, ढोबळमानाने तीस टक्के, शीतकात उतरते. जलपंप हे शीतक इंजिनातील पोकळ्यांतून फिरवतो. थर्मोस्टॅट नावाची उष्णतेने उघडणारी झडप ते रेडिएटरकडे सोडते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना शीतक आपली उष्णता हवेला देते. गाडी वेगात असताना ही हवा समोरून आपोआप येते, तर गाडी मंद किंवा उभी असताना ती पंख्याने खेचावी लागते.

रेडिएटरचे झाकण हाही या प्रणालीचा महत्त्वाचा भाग आहे. प्रेशर कुकरप्रमाणे ते आत दाब टिकवते आणि त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. दर चौरस इंचास ७ पौंड दाब धरणारे झाकण असेल, तर ते सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग निकामी झाली किंवा रबरी कडे चिरले, तर ही सवलत नाहीशी होते. अशा वेळी इंजिन प्रत्यक्षात नेहमीइतकेच गरम असूनही पाणी उकळून बाहेर येते.

घाटातील उष्णतेचा हिशोब

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर हे कराड–चिपळूण मार्गावर आहे. कराडहून पाटणमार्गे कोयनानगरपर्यंतचा रस्ता मुख्यतः नदीच्या खोऱ्यातून जातो. त्यापुढे कुंभार्ली घाटातून तो सह्याद्री उतरून पोफळीमार्गे चिपळूणकडे जातो. कोयना जलविद्युत प्रकल्पाची वीजनिर्मिती याच उंचीच्या फरकावर आधारलेली आहे. चिपळूणच्या बाजूने येणाऱ्या मोटारीला मात्र हीच उंची इंजिनाच्या बळावर चढावी लागते.

माणसांसह १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ६०० मीटर उंच चढते असे धरल्यास, केवळ ती उचलण्यासाठी सुमारे ५९ लाख ज्यूल कार्य करावे लागते. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के मानली, तर त्यासाठी जवळपास पाऊण लिटर पेट्रोल जळते आणि सुमारे ७० लाख ज्यूल उष्णता शीतकात उतरते. एवढ्या उष्णतेने उकळत्या पाण्यापैकी सुमारे तीन लिटर पाण्याची वाफ होऊ शकते. रस्त्याचे व हवेचे घर्षण यात धरलेले नाही. चढताना गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, म्हणजे कमी वेगात व अधिक फेऱ्यांवर असते. समोरून येणारी हवा थोडी आणि उष्णता भरपूर असल्याने सपाट रस्त्यावर निर्दोष वाटणारी शीतन प्रणाली घाटात अपुरी पडते.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. ६०० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, तर १,३०० मीटरहून अधिक उंचीच्या महाबळेश्वरात ९५ ते ९६ अंशांना. ऋतूचा परिणाम याहून मोठा आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो हे शीतक व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. शीतक ९० अंशांवर असताना पावसाळ्यातील २२ अंशांच्या हवेत हा फरक ६८ अंश असतो. उन्हाळ्यातील ४० अंशांच्या हवेत तो ५० अंश उरतो. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात सुमारे एक चतुर्थांश कमी काम करतो. रेडिएटर अर्धवट चोंदलेला असल्यास पावसाळ्यात तो दोष झाकला जातो आणि एप्रिल–मे महिन्यांत उघडा पडतो. ‘गाडी अचानक तापू लागली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

निदानाची पद्धत

चिवट अतितापनाचे निदान तीन प्रश्नांच्या क्रमाने केले जाते. तापमान खरोखर वाढते का, ते केव्हा वाढते, आणि शीतक कमी होते का? या प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वी रेडिएटर, पंप किंवा थर्मोस्टॅट बदलल्यास खर्च होतो, पण मूळ दोष कायम राहू शकतो.

तापमानाची खातरजमा

जुन्या गाडीतील तापमापकाच्या काट्यावर पूर्ण विसंबता येत नाही. अनेक ब्रिटिश गाड्यांत तापमान व इंधन दर्शवणाऱ्या मापकांना सुमारे १० व्होल्टचा स्थिर दाब पुरवणारे एक लहान उपकरण असते. ते बिघडले की दोन्ही काटे एकदमच वर सरकतात. तापमानाच्या काट्याबरोबर टाकीतील पेट्रोलही वाढल्यासारखे दिसले, तर दोष बहुधा इंजिनात नसून या उपकरणात असतो. इन्फ्रारेड तापमापकाने थर्मोस्टॅटच्या कवचाचे तापमान मोजल्यास खरी स्थिती कळते.

याच्या उलट चूक अधिक धोकादायक आहे. तापमानाचा संवेदक शीतकात बुडालेला असेल तरच योग्य मापन होते. पाणी गळून संवेदक उघडा पडला, तर इंजिन अतिशय तापलेले असूनही काटा खाली येतो. वर गेलेला काटा घाटात एकाएकी खाली आला, तर इंजिन थंड झाले असे न समजता गाडी ताबडतोब थांबवावी.

परिस्थितीवरून कारणाचा शोध

तापमान कोणत्या परिस्थितीत वाढते, यावरून संभाव्य कारणांचा आवाका पुष्कळ कमी होतो.

• गाडी उभी किंवा अतिमंद असताना तापते, वेग घेताच थंड होते: हवेचा पुरवठा अपुरा आहे. पंखा, त्याचा पट्टा, विजेच्या पंख्याचा तापस्विच आणि पंख्याभोवतीचे आवरण तपासावे. विजेचा पंखा उलट दिशेने फिरत असल्यासही असेच घडते.

• शहरात ठीक, पण सपाट रस्त्यावर सातत्याच्या वेगाने तापते: हवा मुबलक असल्याने दोष बहुधा शीतकाच्या प्रवाहात असतो. चोंदलेला रेडिएटर, झिजलेला जलपंप किंवा पंपाकडे जाणारी खालची रबरी नळी ही मुख्य कारणे होत. ही नळी मऊ पडली असेल व तिच्यातील तारेचे वेटोळे गंजून नष्ट झाले असेल, तर अधिक फेऱ्यांवर पंपाच्या ओढीने ती चपटी होते. इंजिन मंद करताच ती पूर्ववत होत असल्याने उभ्या गाडीत हा दोष दिसत नाही.

• केवळ घाटात किंवा जास्त भार असताना तापते: प्रणालीची एकूण क्षमता घटलेली आहे. रेडिएटरच्या काही नळ्या बंद असणे, प्रज्वलनाची वेळ मागे पडणे, इंधन-मिश्रण विरळ असणे किंवा ब्रेक चाकांना घासत राहणे या शक्यता तपासाव्यात.

• थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे, शीतक अत्यल्प असणे, आत हवा कोंडणे किंवा हेड गॅस्केट फुटणे यांपैकी एक कारण संभवते.

कराड–चिपळूण मार्गाच्या उदाहरणाने ही विभागणी स्पष्ट होते. कराड–पाटण दरम्यानच्या सलग वेगाच्या टप्प्यात शीतकाच्या प्रवाहाची परीक्षा होते, कराडच्या बाजारपेठेतील गर्दीत पंख्याची, तर पोफळीकडून कुंभार्ली घाट चढताना संपूर्ण प्रणालीची. गाडी यांपैकी कोणत्या टप्प्यात तापली, हे चालकाने नेमके सांगितले तर कारागिराचे निम्मे काम होते.

शीतकाची घट

इंजिन पूर्ण थंड असताना शीतकाची पातळी पाहून नोंदवावी व काही दिवसांनी पुन्हा पाहावी. पातळी घटत असेल, तर गळती बाहेर आहे की आत हे ठरवावे लागते. हातपंपाने प्रणालीत झाकणावरील अंकाइतका दाब भरून ठेवल्यास बाहेरची गळती दिसून येते. जलपंपाखालील छिद्र, नळ्यांचे सांधे, हीटरची नळी आणि इंजिनाच्या ठोकळ्यातील पत्र्याच्या बुचांभोवतीचा भाग पाहावा. बाहेर कोठेही ओल नसताना दाब उतरत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात जात असण्याची शंका घ्यावी.

प्रमुख कारणे व त्यांची तपासणी

रेडिएटर. बाहेरून धूळ, लाल माती व किडे पातळ पत्र्यांत अडकतात. आतून गंज व क्षार नळ्या बंद करतात. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे व विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. असे पाणी वर्षानुवर्षे वापरल्यास कॅल्शियमच्या क्षारांचे पुट चढते. हे पुट लोखंडाच्या मानाने उष्णतेचे अत्यंत मंद वाहक असल्याने पातळ थरही मोठा अडथळा ठरतो. गरम रेडिएटरच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड तापमापक फिरवल्यास बंद नळ्यांच्या जागी थंड पट्टे आढळतात. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांतून सळई घालून सफाई करता येते.

इंजिनाचा ठोकळा. गंजाचा गाळ प्रवाह मंद असलेल्या जागी, विशेषतः पंपापासून दूर असलेल्या शेवटच्या सिलिंडरभोवती साचतो. रेडिएटर नवा बसवूनही तापमान उतरत नसेल, तर ठोकळ्याची निचऱ्याची तोटी उघडून पाहावी. तोटी उघडल्यावरही पाणी न आल्यास आत गाळ घट्ट बसला आहे असे समजावे.

थर्मोस्टॅट. तो काढून तापमापकासह पाण्याच्या भांड्यात टांगावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे.

जलपंप. पंपाची पाती गंजून झिजतात किंवा दांड्यावर सैल होऊन घसरतात. बाहेरून पंप फिरताना दिसतो, पण पाणी पुरेसे ढकलले जात नाही.

प्रज्वलनाची वेळ. ठिणगी उशिरा पडल्यास ज्वलन लांबते आणि धुराची झडप उघडताना वायू अधिक तप्त असतात. त्यांची उष्णता सिलिंडर हेडमधून शीतकात उतरते. वितरकातील वजने जाम झाल्यास किंवा निर्वात नळीचा पडदा फाटल्यास मंद फेऱ्यांवर वेळ बरोबर, पण अधिक फेऱ्यांवर चुकीची असते. म्हणून टायमिंग लाइटने दोन्ही स्थितींत तपासणी करावी.

इंधन-मिश्रण. भारतात आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र विकले जाते. इथेनॉलला ज्वलनासाठी तुलनेने कमी हवा लागते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये हे इंधन वापरल्यास मिश्रण विरळ होते. सर्व गाड्यांत याचा परिणाम सारखा नसला, तरी जेटचा आकार व स्पार्क प्लगचा रंग पाहून मिश्रण पुन्हा जुळवणे इष्ट ठरते.

हेड गॅस्केट व सिलिंडर हेड

हेड गॅस्केट फुटल्यास सिलिंडरमधील दाबाचे तप्त वायू शीतकात शिरतात. थंड इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरची नळी टणक होणे, उघड्या झाकणातून सतत बुडबुडे येणे, धुराड्यातून दाट पांढरी वाफ निघणे आणि तेलाचा रंग दुधाळ होणे ही त्याची चिन्हे होत. यांपैकी एकच चिन्ह पुरेसे नसते. थंडीच्या दिवसांत निर्दोष गाडीतूनही सुरुवातीला वाफ निघते. खातरजमेसाठी रेडिएटरच्या तोंडावरील वायू निळ्या रासायनिक द्रावातून नेला जातो. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड असल्यास द्राव पिवळा होतो. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून दोषाची जागा ठरवता येते.

गॅस्केट हे मूळ कारण आहे की परिणाम, हाही प्रश्न विचारणे आवश्यक असते. चोंदलेल्या रेडिएटरमुळे इंजिन तापून गॅस्केट फुटले असेल, तर केवळ गॅस्केट बदलल्याने ते पुन्हा फुटते. हेड उघडल्यावर त्याची सपाटी सरळपट्टीने तपासावी. ॲल्युमिनियमचे हेड अतितापनाने सहज वाकते.

ट्रायम्फ स्टॅगचे उदाहरण

कारणांची गुंतागुंत समजण्यासाठी ट्रायम्फ स्टॅगचे उदाहरण दिले जाते. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात जलपंप बराच उंचावर होता. शीतकाची पातळी थोडी घटली तरी तो कोरडा पडत असे. त्यातच काही ठोकळ्यांत ओतकामाच्या वेळची वाळू राहून गेल्याने रेडिएटर व पोकळ्या चोंदत आणि ॲल्युमिनियमची हेड वाकत. या गाडीची अपकीर्ती अतितापनामुळेच झाली. पुढे अनेक मालकांनी तिचे मूळ इंजिन काढून दुसरे बसवले. याउलट ज्यांनी ठोकळा पूर्ण स्वच्छ करून रेडिएटरची क्षमता वाढवली व पातळीवर लक्ष ठेवले, त्यांची मूळ इंजिने पुढेही समाधानकारक चालली.

प्रचलित गैरसमज

थर्मोस्टॅट काढून टाकल्यास इंजिन थंड राहते, हा समज भारतात सर्वत्र आढळतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूचा आडमार्ग बंद करतो. तो काढल्यास हा आडमार्ग कायम उघडा राहतो आणि बरेचसे शीतक रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते. अशा इंजिनात अतितापन वाढते. इतर इंजिनांत ते थोडे घटले, तरी थंड अवस्थेतील झीज व इंधनाचा खप वाढतो.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पाणी गोठत नसल्याने कूलंटची गरज नाही, हाही गैरसमज होय. त्यातील ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू वाढतो, तर त्यातील गंजरोधक द्रव्ये धातूचे रक्षण करतात. मात्र निव्वळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. म्हणून ते शुद्ध, क्षाररहित पाण्यात निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळतात.

प्रवासातील दक्षता

घाटात काटा चढू लागल्यास वातानुकूलन बंद करावे, हीटर व त्याचा पंखा पूर्ण सुरू करावा आणि सुरक्षित जागी थांबावे. पाणी उकळत किंवा गळत नसेल, तर इंजिन काही मिनिटे किंचित अधिक फेऱ्यांवर चालू ठेवावे. पंप व पंखा चालू राहिल्याने साठलेली उष्णता बाहेर पडते. वाफ निघत असल्यास किंवा शीतक संपले असल्यास इंजिन लगेच बंद करावे.

गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम सुटताच १०० अंशांहून तप्त पाणी उसळते आणि चेहरा व हात गंभीर भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, नळी हाताला मऊ लागल्यावरच जाड फडक्याने झाकण टप्प्याटप्प्याने सैल करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेड किंवा ठोकळा तडकू शकतो. अनेक जुन्या गाड्यांचे हे भाग आता नवे बनत नाहीत. त्यामुळे काही मिनिटांच्या घाईने दुरुस्तीपलीकडचे नुकसान होऊ शकते.

दुरुस्तीनंतरची चाचणी

दुरुस्तीनंतर शीतक भरताना हीटरची झडप उघडी ठेवून व गाडीचे तोंड किंचित उंचावर घेऊन कोंडलेली हवा काढून टाकतात. इंजिन दोनदा पूर्ण तापवून थंड केल्यावर पातळी पुन्हा पाहावी. ज्या परिस्थितीत दोष प्रथम आढळला, त्याच परिस्थितीत अंतिम चाचणी घ्यावी. घाटात तापणारी गाडी कार्यशाळेच्या आवारात अर्धा तास थंड राहिली, एवढ्यावरून दोष दूर झाला असे ठरत नाही. शक्यतो उन्हाळ्यातील दुपारी, नेहमीच्या भारासह तोच घाट चढून तापमान स्थिर राहिले, तरच निदान बरोबर ठरले असे म्हणता येते.